इजेची नोंद

फ्रान्झ काफ्का नोकरीने विमा अधिकारी होता, ही गोष्ट त्याच्या वाङ्मयावर लिहिणारे बहुधा एका वाक्यात उरकतात. कचेरीच्या रगाड्यात प्रतिभेची कशी परवड होते, एवढे सांगण्यापुरताच तिचा उपयोग. माझी स्वतःची उमेदीची सगळी वर्षे बँकेच्या टेबलामागे गेली म्हणून असेल, पण मला त्या वाक्याशी थांबावेसे वाटते. १९०८ पासून १९२२ पर्यंत काफ्का प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. यंत्रात सापडून हाताची बोटे गेलेल्या कामगारांची प्रकरणे त्याच्या टेबलावर येत. लाकूड रंधण्याची यंत्रे कशी बदलली म्हणजे कामगारांची बोटे वाचतील, यावर संस्थेच्या अहवालासाठी त्याने चित्रांसह लिहिलेले टिपण आजही वाचायला मिळते.

या विम्यामागचे तत्त्व साधे, पण त्या काळाच्या मानाने धाडसी होते. ऑस्ट्रियात १८८७ च्या कायद्याने ते आणले. आपल्याकडेही १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने थोड्याफार फरकाने तेच स्वीकारले. बोट गेलेल्या कामगाराला मालक दुष्ट आहे हे सिद्ध करत बसावे लागत नाही. मालक सज्जन असेल, देवभोळा असेल, सणासुदीला चार पैसे हातावर ठेवणारा असेल. प्रश्न तो नसतो. इजा झाली का, कामावर असताना झाली का, आणि केवढी झाली, एवढेच पाहायचे असते. दोष हा एक रकाना आणि इजा हा दुसरा. पहिला भरता आला नाही म्हणून दुसरा कोरा राहता कामा नये.

हाच विमा अधिकारी छत्तीस वर्षांचा असताना, नोव्हेंबर १९१९ मध्ये, प्रागच्या उत्तरेकडल्या शेलेझेन नावाच्या गावी काही दिवस राहिला आणि तिथे त्याने आपल्या वडिलांना एक पत्र लिहिले. हाताने लिहिलेली शंभराहून अधिक पाने. निमित्त एवढेच, की तुला माझी भीती का वाटते, असे वडिलांनी विचारले होते आणि मुलाला तोंडाने उत्तर देता आले नव्हते. पत्र त्याने आईच्या हाती दिले. तिने ते वडिलांपर्यंत पोचवले नाही, मुलालाच परत केले, असे त्याचा मित्र माक्स ब्रोड सांगतो. १९२४ साली काफ्का गेला. संपूर्ण पत्र छापून यायला १९५२ साल उजाडले.

ज्यांचे बालपण घरातल्याच माणसांनी कुरतडले, त्यांच्या दुखण्याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. त्यासाठी नवी नवी नावेही आली आहेत. मला मात्र त्या दुखण्याचा इतका नेमका जबाब दुसरा माहीत नाही.

हेर्मान काफ्का खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. लहानपणी कडाक्याच्या थंडीत गाडी ढकलत गावोगाव हिंडलेला. पुढे प्रागमध्ये त्याने स्वतःच्या हिमतीवर शोभेच्या वस्तूंचे दुकान थाटले. अंगाने धिप्पाड, आवाज मोठा, माणूस कर्तबगार. बाहेरच्यांना आदर वाटावा असा. दारू पिऊन मुलांना झोडपणारा बाप तो नव्हता. त्याने आपल्याला जवळजवळ कधीच मारले नाही, असे मुलगाच पत्रात नमूद करतो. मग इजा कसली?

एका रात्री लहानगा फ्रान्झ पाणी पाहिजे म्हणून कुरकुरत होता. थोडी तहान असेल, थोडा हट्ट. दटावून ऐकेना तेव्हा बापाने त्याला अंथरुणातून उचलले, मागच्या सज्जात नेऊन ठेवले आणि आतून दार लावून घेतले. अंगावर रात्रीचा सदरा तेवढा. पोर काही वेळ तसेच उभे राहिले. घडले ते एवढेच. ‘यात काय मोठेसे?’ असे म्हणणारे वाचक पुष्कळ निघतील. आपल्यापैकी कित्येकांनी याहून अधिक सोसलेले असते. पण काफ्का इजेचे माप अचूक घेतो. पाणी मागणे ही इतकी साधी गोष्ट आणि घराबाहेर काढले जाणे ही इतकी भयंकर गोष्ट, या दोहोंचा मेळ त्या मुलाला कधीच घालता आला नाही. तो अवाढव्य पुरुष रात्री केव्हाही येईल, काही कारण नसताना आपल्याला उचलून बाहेर ठेवील, म्हणजे त्याच्या लेखी आपण कोणीच नाही, ही भावना पुढे अनेक वर्षे त्याच्या मनात घर करून राहिली.

माराचेही तसेच. बाप लालबुंद होऊन ओरडे, पँटचे गॅलिस सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकी. मार बसत नसे. पण फाशीची सगळी तयारी डोळ्यांदेखत व्हावी आणि शेवटच्या क्षणी माफीचा हुकूम यावा, तशी ती रोजची सुटका होती. वर पुन्हा, मार खायच्या लायकीचे असूनही बापाच्या मेहेरबानीने सुटलो, हे ओझे. जेवणाच्या टेबलावर नियम असत. हाडे दातांनी फोडायची नाहीत, अन्न खाली सांडायचे नाही. बाप हाडे फोडी आणि सर्वांत जास्त सांडलेले अन्न त्याच्याच खुर्चीखाली असे. म्हणजे जग तीन भागांत वाटलेले. एकात मूल, केवळ आपल्यासाठीच केलेले आणि कधीच नीट न पाळता येणारे नियम पाळत असलेले. दुसऱ्यात बाप, नियम करणारा. तिसऱ्यात बाकीचे सगळे लोक, सुखी आणि मोकळे.

आई प्रेमळ होती. पण तिच्याबद्दलचे त्याचे निरीक्षण मन हलवून सोडते. शिकारीत हाका घालून रान उठवणारी माणसे असतात, तसे आईचे काम झाले, असे तो म्हणतो. मूल चिडून, बंड करून कदाचित त्या घराबाहेर पडलेही असते. आई समजूत घाली, गोड बोले, आणि त्याला पुन्हा बापाच्या टप्प्यात आणून सोडी. आपल्या घरांतून ‘जाऊ दे रे, त्यांचा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य किती मायेने बोलले जाते, आणि ते नेमके काय करते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढे हा मुलगा लेखक झाला. नवे पुस्तक छापून आले, की ते घेऊन बापाकडे जाई. बाप बहुधा पत्ते खेळत असे. पलंगाशेजारच्या मेजावर ठेव, एवढे सांगून तो डावाकडे वळे. त्यातले एक पुस्तक तर मुलाने बापालाच अर्पण केले होते.

हेर्मान काफ्काला अमुक मानसिक विकार होता, असे शंभर वर्षांनंतर कोणी छातीठोकपणे सांगू नये. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने रोगनिदानाच्या सूचीत ‘नार्सिसिस्टिक’ व्यक्तिमत्त्वविकाराची स्वतंत्र नोंद केली ती १९८० साली. स्वतःच्या मोठेपणाचा सतत ध्यास, कौतुकाची न भागणारी भूक आणि दुसऱ्याच्या दुःखापर्यंत पोचण्याची असमर्थता ही त्याची ठळक लक्षणे. हे नाव प्रत्येक कडक बापाला किंवा हट्टी आईला चिकटवणे हाही एक अन्यायच आहे. पण ते ज्या कथेवरून आले ती ग्रीक कथा आपल्या उपयोगाची आहे. नार्सिससला पाण्यात स्वतःचेच रूप दिसले आणि तो तिथून हलू शकला नाही. घरात ते पाणी म्हणजे मूल. मुलाने पहिला नंबर काढला तर तो माझा, नापास झाले तर तो माझा अपमान, आणि मूल वेगळे काही बोलले तर पाणी गढूळ झाले. अशा आईबापांचे मुलावर प्रेम नसते असे नाही. त्यांना मूल दिसतच नाही.

मुलाकडून याचा हिशेब कसा लागतो, ते स्कॉटलंडचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ साली फार स्पष्ट मांडले. मुलाचा जीव आईबापांवर अवलंबून असतो. ते वाईट आहेत असे मानले तर त्याला जगात थाराच उरत नाही. म्हणून ते सारा वाईटपणा स्वतःकडे घेते. मी वाईट आहे, म्हणून असे होते. मी सुधारलो, की सगळे ठीक होईल. या समजुतीत वेदना आहे, पण आशाही आहे. बँकेत आलेली रक्कम कोणाची ते कळेना, तर ती आम्ही तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवत असू. मूल तेवढीही सवड घेत नाही. ते सगळे थेट स्वतःच्या नावे टाकते, आणि पुढे पन्नास वर्षे त्यावर व्याज भरत राहते. पन्नाशीला आलेली कर्तीसवरती माणसे साध्या चुकीला तीनतीनदा माफी मागतात, कोणी आवाज चढवला की गोठून जातात, स्तुती ऐकली की अस्वस्थ होतात, ते या व्याजापोटी.

आपल्याकडे गोष्ट आणखी कठीण होते, कारण आईबापांना आपण देवाच्या जागी बसवले आहे, आणि देवाविरुद्ध फिर्याद कोणाकडे करायची? तरी आपल्या पूर्वजांना हे दुखणे ठाऊक नव्हते असे नाही. महाभारतातला ययाती अकाली वृद्ध झाल्यावर मुलांकडे त्यांचे तारुण्य मागतो. चौघे नाही म्हणतात, त्यांना शाप मिळतो. धाकटा पुरू हो म्हणतो, त्याला राज्य मिळते. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली आणि मराठी घराघरांत वाचली गेली. पण ही कथा आपण वासनेची आणि त्यागाची म्हणून वाचत आलो. पाच भावांपैकी कोणालाच बापाने विचारले नाही, की बाबा, तुला काय हवे आहे? अष्टावक्राची कथा तर याहून बोलकी. बापाचे वेदपठण चुकते आहे, असे त्याने आईच्या पोटातूनच सांगितले म्हणून बापाने शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. चूक दाखवणाऱ्या मुलाच्या अंगावर बापाचा अहंकार कायमचा उमटावा, याहून स्पष्ट चित्र कोणत्या ग्रंथात सापडणार?

बँकेत बसल्या बसल्या ययाती-पुरूच्या जोड्या मी पुष्कळ पाहिल्या. पस्तिशीतला कमावता मुलगा पैसे काढायच्या स्लिपवर सही करण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे बघे. खाते दोघांच्या नावाचे, पासबुक वडिलांच्या खिशात. ‘त्याला व्यवहारातले काही कळत नाही हो,’ असे वडील मुलादेखत कौतुकाने सांगत, आणि मुलगा हसे. आईच्या बाबतीत हीच गोष्ट मायेच्या भाषेत येते. लेकीचे लग्न ठरत आले की आईचा रक्तदाब वाढतो, लेकीने स्वतःची साडी स्वतः निवडली तरी तिचे मन दुखावते. बाहेर ही माणसे लाघवी असतात, मंडळांची अध्यक्ष असतात, म्हणून मुलांच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि मुलांची गत आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना अशी.

हा केवळ मनाचा हळवेपणा असे समजणाऱ्यांसाठी दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. १९९८ साली अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या आघातांविषयी विचारले. त्यांत मारहाण आणि लैंगिक अत्याचार होते, तसा मानसिक छळही होता. अशा आघातांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी वाढलेला आढळला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. दर दोन मुलांतील एकाने भावनिक छळ होत असल्याचे सांगितले, आणि त्यातील ८३ टक्के बाबतींत तो करणारे आईवडील होते.

मग यातून बरे व्हायचे कसे? इथे मला पुन्हा त्या विमा कचेरीकडे यावेसे वाटते. बहुतेक माणसे पहिल्याच पायरीवर अडतात, कारण इजा नोंदवण्याआधी ती दोषाचा निवाडा करायला बसतात. वडिलांनी हालअपेष्टा सोसल्या होत्या, आईला सासुरवास होता, त्यांनी आपल्यासाठी हाडांची काडे केली, मग त्यांना दोष कसा द्यायचा? या प्रश्नात दहा-वीस वर्षे जातात आणि जखम तशीच राहते. काफ्काच्या पत्राचे मोठेपण असे, की वडील निर्दोष आहेत असे तो पुन्हा पुन्हा लिहितो, आणि तरीही एकही इजा लपवत नाही. त्यांचे कष्टाचे बालपण त्याला मान्य आहे. सज्जातली रात्रही खरी आहे. एकीने दुसरी खोडली जात नाही. दोषाचा रकाना नेहमी कोराच ठेवा, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. जिथे मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहे, तिथे दोष आहे आणि त्यासाठी कायदाही आहे. पण बरे होण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

क्षमा करून टाका, असा सल्ला आपल्याकडे फार घाईने दिला जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून बाहेर येण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि मग लोकांशी पुन्हा जोडले जाणे. त्यांत क्षमेची सक्ती कुठेही नाही. पहिला टप्पा व्यवहारातला आहे. स्वतःच्या कमाईचे स्वतंत्र खाते, प्रत्येक बातमी घरी न सांगण्याची मुभा, अपमान सुरू झाला की ‘मी नंतर फोन करते’ म्हणून ठेवून देण्याचा अधिकार. आईबापांशी संबंध तोडणे आपल्या समाजात अनेकांना शक्य नसते, पुष्कळांना नकोही असते. म्हातारपणी त्यांचे औषधपाणी करावे. पण सेवा करणे म्हणजे पुन्हा सज्जात उभे राहणे नव्हे. दुसरा टप्पा, शोकाचा, सर्वांत अवघड. जे आईबाप हवे होते ते मिळाले नाहीत आणि आता मिळणारही नाहीत, हे कबूल करून एकदा मनसोक्त रडून घ्यावे लागते. बापाची माफी येईल, आई एक दिवस ‘चुकले ग माझे’ म्हणेल, या आशेवर आयुष्य टांगून ठेवले, की किल्ली पुन्हा त्यांच्याच हातात जाते.

काफ्का इथेच अडला. पत्राच्या शेवटी तो वडिलांच्या तोंडून आपल्याच पत्राला उत्तर लिहितो. त्यात वडील त्याला परोपजीवी ठरवतात, आणि मुलगा त्या आरोपाला पुन्हा उत्तर देतो. म्हणजे शंभर पाने लिहूनही न्यायाधीशाच्या खुर्चीवर वडीलच बसलेले. बाहेरच्या बापाइतकाच मनात बसलेला बाप हे मोठे प्रकरण असते. त्याच्याशी एकट्याने लढणे कठीण, आणि आज तशी गरजही नाही. जाणत्या समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

नुसते समजून घेणेही पुरत नाही. बालपणातल्या छळावर विसाव्या शतकात ज्यांनी सर्वांत निर्भीडपणे लिहिले त्या अ‍ॅलिस मिलर यांनी काफ्काचाही याच दृष्टीने विचार केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, त्यांचा मुलगा मार्टिन याने पुस्तक लिहून सांगितले, की वडील आपल्याला मारत आणि आई मध्ये पडत नसे. जगभरच्या मुलांच्या बाजूने उभी राहिलेली ही बाई घरातल्या मुलाजवळ पोचू शकली नाही. यावरून मिलर यांचे लेखन खोटे ठरत नाही. कळणे आणि वळणे यांत केवढे अंतर आहे, एवढे मात्र त्यातून दिसते.

ते अंतर कापायला बहुधा एक माणूस लागतो. हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सर्व मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचे व्यसन किंवा आजार अशा सगळ्या बाजूंनी गांजलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे धडधाकट, प्रेमळ, जबाबदार माणसे झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे लहानपणी त्यांच्या बाजूने असलेले निदान एक तरी माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. आपल्या चाळींनी आणि वाड्यांनी असे एक माणूस पुष्कळ मुलांना पुरवले. बंद दारांच्या फ्लॅटमध्ये ते मुद्दाम व्हावे लागते. शेजारचे पोर आपल्याकडे येऊन गप्प बसत असेल, तर त्याला उपदेश करू नये. चहा-बिस्किट द्यावे, आणि त्याने काही सांगितलेच तर ‘आईबापांबद्दल असे बोलू नये’ हे वाक्य आवरावे.

काफ्काचे असे एक माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण ओटला. न्हाणीघरात बसून दोघे बहीणभाऊ बापाविषयी बोलत, हसत, त्या घरात सदैव चाललेल्या खटल्याची चर्चा करत. १९१७ साली फ्रान्झला क्षय झाल्याचे कळले तेव्हा बापाचे घर सोडून खेड्यात शेती पाहणाऱ्या ओटलानेच त्याला आठ महिने आपल्याकडे ठेवून घेतले. पुढे तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध स्वतःच्या पसंतीने लग्न केले. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मारल्या गेल्या. ओटला तेरेझिनच्या छावणीत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये बियालिस्तोकहून आणलेल्या हजाराहून अधिक अनाथ ज्यू मुलांना तिथून हलवायचे ठरले, तेव्हा त्यांच्याबरोबर जायला ती स्वतःहून तयार झाली. ती गाडी आउशविट्झला गेली आणि तिथे ती त्या मुलांसह मारली गेली. ही बाई त्याच घरात, त्याच टेबलावर, त्याच बापाचा आवाज ऐकत लहानाची मोठी झाली होती.